लॅबच्या बाईंचे काढे

आमच्या शाळेत पाळीने पोट दुखायला लागलं की मुली ऑफिसात जात नसत, लॅबमध्ये जात. ऑफिसात गेलं की क्लार्क काका मान वर न करता विचारायचे, "काय होतंय?" आणि मग त्यांना काय सांगायचं या विचारानेच पोट आणखी दुखायचं. लॅबमध्ये बाई होत्या.

घाटकोपरला भटवाडीच्या चढावर आमची शाळा, आणि तिसऱ्या मजल्याच्या टोकाला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. बाई तिथे सहायक होत्या. म्हणजे परीक्षानळ्या धुणं, बाटल्या भरणं, प्रॅक्टिकलला सामान मांडणं आणि शिक्षकांच्या चुका हळूच दुरुस्त करणं, ही त्यांची कामं. त्या शिकवत नसत, पण सायन्सचे सर वर्गात काही बोलताना एकदा त्यांच्याकडे बघून घ्यायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठवीत होते. दारात उभी राहून, दोन्ही हात पोटावर धरून म्हणाले, "बाई, प्रॉब्लेम आलाय."

"कुठल्या धड्यातला?"

"नाही म्हणजे, तसला प्रॉब्लेम."

बाईंनी हातातली नळी स्टँडला लावली. "प्रॉब्लेम गणिताच्या तासाला येतो. इथे पाळी येते. काय आलीय?"

"पाळी," मी जमिनीकडे बघून म्हणाले.

"जमिनीला नाही आलेली. मला सांग."

मी त्यांच्याकडे बघून पुन्हा सांगितलं. मग त्यांनी मला लॅबच्या मागच्या छोट्या खोलीत नेलं. लॅबमध्ये काही खायचं-प्यायचं नाही, अशी पाटी त्यांनीच स्वतःच्या हाताने रंगवली होती आणि ती त्या स्वतः सगळ्यांत कडक पाळायच्या. म्हणून मागच्या खोलीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळे कप. बाजूला एक प्लॅस्टिकचा सांगाडा हुकाला टांगलेला. वर्षानुवर्षं मुलींनी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून काढे घेतले. मला तर पुढेपुढे तो घरातलाच कोणीतरी वाटायला लागला.

बाईंना लेबलं लावायचा नाद होता. बाटल्यांना लावत तो त्यांच्या कामाचा भाग झाला, पण त्यांच्या डब्यावर 'भात. विषारी नाही' असं लिहिलेलं असे. भिंतीवरच्या घड्याळाखाली 'पाच मिनिटं पुढे आहे. मला माहीत आहे' अशी चिठ्ठी. मागच्या खोलीतल्या फळीवर ओवा, बडीशेप, शेपा, सुंठ, दालचिनी, मेथी आणि गूळ यांच्या बरण्या ओळीने, आणि प्रत्येकीवर भरल्याची तारीख. ओवा उकळायला लागला की वास जिन्यापर्यंत जायचा आणि खालचा सातवीचा वर्ग भजी आठवून कासावीस व्हायचा.

पण काढा लगेच मिळत नसे. आधी चौकशी. घरून आईची चिठ्ठी आणलीयस का, कसली औषधं चालू आहेत का, कशाने अंगावर पुरळ येतं का, सकाळी काही खाल्लंस का. माझ्या आईने चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आलं चालेल, ओवा चालेल. मेथी देऊन बघा, घरी तर ताटातसुद्धा घेत नाही.' ती चिठ्ठी बाईंनी फाइलला लावली आणि मेथीच्या पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

मग आकडा. "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सगळ्यांत जास्त. तुझं किती?"

"दहा," मी लगेच म्हणाले.

"दहा असतं तर तुला आकडा सांगता आला नसता. नीट सांग."

"सात."

"हं. वर पंख्याकडे बघत बघत सांगितलंस, म्हणजे सहा."

सहा लिहिलं गेलं. एक जाड वही होती, तिच्यात हे सगळं उतरायचं: कोणाला काय दिलं, आधी आकडा किती होता, अर्ध्या तासाने किती झाला. त्यात मुलींची नावं नसायची. "तुमच्या पोटाची बातमी शिक्षकांच्या खोलीत कशाला?" असं म्हणून बाईंनी प्रत्येकीला एका रसायनाचं नाव दिलं होतं, आणि ते उगाच दिलेलं नसे. मी नवसागर. का, तर तापवला की नवसागर उडून जातो आणि मीही स्टुलावर दोन मिनिटं टिकत नाही. वर्गातली मॉनिटर तुरटी होती, कारण ती जाईल तिथला गाळ खाली बसतो. माझी मैत्रीण श्रावणी, जिच्याबद्दल मला पुढे सांगायचंय, ती मोरचूद. तिच्या दप्तरापासून रिबिनीपर्यंत सगळं निळं असायचं.

एका वेळी एकच वस्तू, हा बाईंचा नियम. इतरांच्या घरी आज्या-मावश्या सगळं एकत्र उकळून द्यायच्या. बाईंना ते पटत नसे. "सहा जिन्नस टाकले आणि बरं वाटलं, तर कशाने वाटलं ते कोण सांगणार? पातेलं?" म्हणून एका महिन्याला ओवा, पुढच्या महिन्याला आलं-गूळ, त्याच्या पुढच्याला शेपा. मला आल्याने बरं वाटायचं, तुरटीला बडीशेपेने. दालचिनीने कोणालाच फारसा फरक पडला नाही, पण वास छान येतो म्हणून मुली ती मागायच्या. वहीत बाईंनी लिहिलं होतं, 'दालचिनी: लोकप्रिय, निरुपयोगी.'

एकदा मला त्यांनी कपभर काहीतरी दिलं. मी नाक दाबून प्यायले, पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले, अर्ध्या तासाने खरंच हलकं वाटलं. "सहावरून तीन," मी म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ते नुसतं गरम पाणी होतं."

मला फसवल्यासारखं वाटलं. "मग ओवा-आलं काय कामाचं?"

"थोडं काम त्यांचं आहे. थोडं गरम पाण्याचं. आणि तुला कोणी बसायला दिलं, तुझं ऐकून घेतलं, त्याचं उरलेलं. किती कशाचं, ते मला अजून मोजता येत नाही." त्या हे बोलताना थोड्या वैतागलेल्या होत्या, माझ्यावर नाही, मोजता येत नाही म्हणून.

गोळ्यांना त्यांचा विरोध नव्हता. कोणी घाबरत विचारलं की बाई, डॉक्टरांनी गोळी दिलीय, घेऊ का, तर म्हणायच्या, "घे की. ओव्याला राग येत नाही."

पोटात नक्की काय होतं हे मला त्यांच्या जेवणाच्या डब्याने शिकवलं. पुस्तकातला तो धडा जीवशास्त्राच्या मॅडमनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. बाईंनी डब्यातला पेरू काढून माझ्या तळहातावर ठेवला. "गर्भाशय एवढं असतं. आता मूठ आवळ. सोड. पुन्हा आवळ. पाळीत ते असं आवळतं, आतलं अस्तर बाहेर टाकायला. जास्त जोरात आवळलं की दुखतं." मी आवळत-सोडत राहिले. "पेरूएवढं," बाई म्हणाल्या, "आणि उपद्व्याप बघ." नंतर तो पेरू आम्ही मीठ लावून खाल्ला, लॅबच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून.

त्यांच्या स्वतःबद्दल कोणी विचारलेलं त्यांना चालायचं नाही. त्या कुडाळकडच्या, चेंबूरला भावाकडे राहतात, एवढंच आम्हाला ठाऊक. एकदा मी विचारलं, "बाई, तुमच्या वेळी तुमचा आकडा किती असायचा?" त्या बरणी पुसत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी आकडे नव्हते," आणि तीच बरणी पुन्हा पुसली.

शाळेची तपासणी झाली तेव्हाची गोष्ट अजून आम्ही मैत्रिणी भेटलो की निघते. तपासणीला आलेल्या साहेबांनी लॅबची स्टॉकची वही मागितली. बाई खाली गेल्या होत्या. मुख्याध्यापकांनी घाईत टेबलावरची जाड वही उचलून दिली. साहेब वाचायला लागले. आम्ही प्रॅक्टिकलला उभ्या होतो, म्हणून सगळं ऐकू आलं.

"तुरटी, दुसरा दिवस, बडीशेप, पाचावरून दोन," साहेबांनी वाचलं. "हा कुठला प्रयोग, सर?"

मुख्याध्यापक म्हणाले, "अभ्यासक्रमाबाहेरचा असावा."

"नवसागर, आलं-गूळ, चारावरून एक, नंतर खेळायला गेला? मोरचूद, ओवा, फरक नाही. रडली." साहेबांनी चष्मा काढला. "मोरचूद रडली?"

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी वही बघितली, साहेबांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हो सर. मोरचूद मुलगी आहे. या सगळ्या मुली आहेत. पाळीत पोट दुखतं, त्याच्या नोंदी आहेत. आणि नवसागर खेळायला गेला नाही, गेली. माझं अक्षर तिथे लागत नाही."

मुख्याध्यापक खिडकीतून बाहेर बघायला लागले, जणू मैदानावर काही घडतंय. साहेब दोन-चार पानं आणखी उलटून बघत राहिले. मग म्हणाले, "शेपा म्हणजे बाळंतशेपाच ना? पाणी किती घेता?"

"चमचाभर शेपांना दोन कप. निम्मं उरेपर्यंत उकळायचं."

त्यांनी ते तपासणीच्या फॉर्मच्या मागे लिहून घेतलं. शेऱ्यामध्ये काय लिहिलं ते आम्हाला नंतर कळलं: 'प्रयोगशाळा: नोंदी व्यवस्थित.' ती दोन वाक्यंसुद्धा नव्हती, पण त्यानंतर मुख्याध्यापकांनी मागच्या खोलीसाठी दुसरं स्टूल मंजूर केलं.

आता श्रावणीचं.

ती माझ्याच इमारतीत राहायची, सातव्या मजल्यावर. आई साकीनाक्याला एका गाळ्यात पॅकिंगला, वडील पवईला एका ऑफिसात सिक्युरिटीला. श्रावणी हसरी, धावण्यात पहिली येणारी मुलगी, पण महिन्यातले तीन दिवस ती कोणीतरी वेगळीच असायची. आमचे आकडे सहावरून तीनवर यायचे, तिचा आठ आठच राहायचा. ओवा झाला, आलं झालं, शेपा झाल्या, मेथी झाली. बाई दर वेळी विचारायच्या, "किती?" ती म्हणायची, "तेवढंच, बाई. पण वास छान होता." बाईंना वाईट वाटू नये म्हणून म्हणायची. ते बाईंनाही कळायचं.

दहावीला सहामाहीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी ती पाण्याच्या नळापाशी खाली बसली ती उठेचना. उलट्या झाल्या. कपाळावर थंड घाम. आम्ही तिला धरून मागच्या खोलीत आणलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "श्रावणी, किती?"

तिने तोंड उघडलं, पण आकडा आला नाही. नुसती मान हलवली.

बाईंचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी शेगडी लावली नाही. वहीही उघडली नाही. तिच्या घरून कोणी येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिल्या आणि प्रॅक्टिकल सायन्सच्या सरांना एकट्याने सांभाळावं लागलं. त्या दिवशी दोन बॅचना चुकीचं आम्ल मिळालं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "तिचं घर दाखव." हातात ग्राफपेपरची गुंडाळी होती.

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. बाई सात जिने चढल्या, दर मजल्यावर थांबून, मला काही बोलू न देता. श्रावणीच्या आईने दार उघडलं. तिला वाटलं मुलीने काही केलंय. बाईंनी आधी पाणी मागितलं, मग तिच्या बोलण्यातला मालवणी हेल ऐकून विचारलं, "तुमी खंयच्या?"

"कणकवलीच्या."

"मी कुडाळची," असं म्हणून बाई खाली चटईवर बसल्या आणि ग्राफपेपर पसरला. त्यावर पाच-सहा रेघा होत्या. बाकीच्या सगळ्या काढा घेतल्यावर उताराला लागणाऱ्या. एक निळी, वरच्या बाजूने सरळ गेलेली. "ही तुमच्या श्रावणीची. वयनी, माझो प्रयोग फसलो. सहा महिने मी हिका काढो दितंय. एकानपण फरक पडूक नाय. हिका डॉक्टरीणीक दाखवूक होया."

श्रावणीची आई रेघांकडे बघत म्हणाली, "सगळ्यांकाच होता, बाई. माझापण असाच होता. लग्न झाला की जाता."

"तुमचा गेला?"

श्रावणीच्या आईने पदराने उगाच चटईची कड पुसली. आत श्रावणी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पण मला माहीत होतं की ती जागी आहे.

"शून्य म्हणजे काय नाय, दहा म्हणजे बोलूक येणा नाय," बाई म्हणाल्या. "तुमचो आकडो किती?"

"माका कोणी कधी इचारूकच नाय."

"मी इचारतंय."

खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता. "नऊ," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा हळू, "कधी कधी बोलूक येणा नाय."

बाईंनी खिशातून पेन काढलं, पण लिहिलं काही नाही. पेन परत ठेवलं.

"पण लग्न नाय झालेल्या पोरीक त्या डॉक्टरीणीकडे न्हेलंय, तर लोक काय म्हणतले?"

"लोकांका सांगा, शाळेतल्या बाईन न्हेल्यान. आणि सात जिने चढान इचारूक कोण येतला? मी येताना अर्धी मेलंय."

श्रावणीची आई हसली. आतून श्रावणीही हसली आणि मग हसल्यामुळे दुखलं म्हणून कळवळली. त्याच शनिवारी त्या तिघी डॉक्टरकडे गेल्या.

श्रावणीच्या घरून जिने उतरताना बाई मात्र जराही हसल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबल्या. मला म्हणाल्या, की स्वतःला, कोण जाणे, "तीन महिन्यांत कळायला हवं होतं मला. पुढचे तीन महिने मी ओवा उकळत बसले."

"पण बाई, तुम्हालाच तर कळलं."

"उशिरा कळलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा उतरायला लागल्या.

सोनोग्राफीत निघालं ते असं: गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, अंडाशयावर वाढत होतं आणि त्याची गाठ झाली होती. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात, डॉक्टर म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "नाव ठेवणाऱ्याचं पोट कधी दुखलं नसणार." डॉक्टरांनी ग्राफपेपर दोनदा बघितला, त्याचा फोटो काढून घेतला. आधी काही महिने गोळ्या झाल्या, मग दहावीची परीक्षा झाल्यावर दुर्बिणीतून गाठ काढली. पुन्हा होऊ शकतं, लक्ष ठेवावं लागेल, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. श्रावणी अजून दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते. परवा मला म्हणाली, आता पाळीत ती ऑफिसला जाऊ शकते, आणि बॉसला 'पाळी' म्हणून सांगते. बॉस तेव्हा स्क्रीनकडे बघतो.

बाईंनी डॉक्टरांना काढ्याबद्दलही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "बरं वाटत असेल तर घेऊ दे. फक्त त्याच्यावर थांबून राहू नका." दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत, बरण्यांच्या वर, लाल अक्षरांत नवं लेबल आलं: 'तीन पाळ्या फरक नाही, किंवा उलट्या, किंवा शाळा बुडते: डॉक्टर. आमच्याकडे काही मागू नये.'

बाई मी कॉलेजात असताना निवृत्त झाल्या आणि कुडाळला गेल्या. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात त्यांच्या 'विविध उपक्रमांचा' उल्लेख केला आणि उपक्रम कोणते ते सांगायचं टाळलं. मागच्या बाकावरून कोणीतरी "पाळी" असं मोठ्याने म्हटलं. बाईंनी मान वळवून बघितलं आणि पसंतीने मान हलवली.

पण मला त्या आठवतात त्या निरोपाच्या दिवशीच्या नाही. श्रावणीच्या ऑपरेशननंतर महिनाभराने, शाळेच्या सुट्टीत, आम्ही दोघी दाखला न्यायला गेलो होतो. श्रावणीची आई सोबत होती. आम्हाला वाटलं बाईंचे आभार मानायला आलीय, कारण हातात घावन-चटणीचा डबा होता. तिने डबा दिला, श्रावणी बरी आहे म्हणून सांगितलं, आणि तरी निघेना. रिकाम्या लॅबमध्ये टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत उभी राहिली. बेचाळीस वर्षांची ती, दारात उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलीसारखी.

बाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं. "तुम्ही खाली जाऊन दाखल्यावर सही घ्या. सावकाश या."

आम्ही बाहेर पडलो. मागून बाईंचा आवाज आला, "बसा, वयनी. खंय दुखता ता सांगा. लाजा नको." मग दार लागलं.

सही पाच मिनिटांत झाली. आम्ही जिन्यात बसून राहिलो. पाऊण तास झाला, तास झाला. शिपाई लॅबला कुलूप घालायला वर निघाला तेव्हा श्रावणीने पाय आडवा घालून त्याला थांबवलं.

"काका, थांबा जरा," ती म्हणाली. "आत माझी आई बोलतेय."